फुलपाखरांच्या नोंदी फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीकुंकूपासून सुरू कर

फुलपाखरं बघायला ठाण्यातल्या येऊरला किंवा ओवळेकर वाडीत जायचं तर अगदी पहाटे धावत जाऊ नकोस, ऊन चढल्याशिवाय फुलपाखरं फारशी हलत नाहीत, नऊ ते अकरा बेस्ट. आधी हळदीकुंकू शोध, म्हणजे कॉमन जेझेबेल. वरून पांढरंच दिसतं म्हणून लोक सोडून देतात, पण घाणेरीवर बसून पंख मिटले ना की पिवळंधम्मक, कडेला लाल ठिपके, इतकं देखणं! आंब्यावरच्या बांडगुळाभोवती मादी घुटमळत असेल तर थांबच, अंडी बांडगुळाच्या पानांवर घालते. नोंदीत तारीख, वेळ, जागा, झाड, संख्या हवीच. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव ठोकू नकोस, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाक, पंखांच्या दोन्ही बाजूंचे फोटो मात्र दे.