सोमवारी दहा वाजता

प्रिय बाय,

तुझी मेल वाचली. रिक्रिएशनल थेरपीच्या, म्हणजे खेळ-कला-करमणुकीतून उपचार करण्याच्या, इंटर्नशिपमधलं बांबोळीच्या मनोरुग्णालयातलं पोस्टिंग संपलं, आता वृद्धाश्रमातले शेवटचे आठवडे उरलेत, ते कसे घालवू असं विचारलंयस. आणि खाली, जरा भीत भीतच, "निरोपाला एक मोठा कार्यक्रम बसवू का?" असंही. आधी या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. नको बसवू.

कार्यक्रमाचे फोटो छान येतात, व्यवस्थापन खूश होतं, कॉलेजच्या फाईलला वजन येतं. पण तालमींच्या धावपळीत गाता-नाचता येणारे पुढे येतात आणि ज्या चार-पाच जणांवर तू खरं काम करते आहेस तेच भिंतीशी बसून राहतात. तू गेल्यावर सोमवारी दहा वाजता हॉलमध्ये परत टीव्ही लागतो, तो जेवणापर्यंत. मला विचारशील तर तुझी इंटर्नशिप पुरी झाली की नाही, हे त्या सोमवारी कळेल. सर्टिफिकेटवर नाही कळणार.

म्हणून आतापासून प्रत्येक बेताला एकच प्रश्न लाव: मी नसताना हे कोण करील?

माझ्याकडे थेरपीला एक आजी होत्या. पक्षाघातानंतर डावा हात लुळा. मणी आणि खुंट्यांचा ट्रे समोर ठेवला की "हें भुरग्यांचें" (हे पोरांचं) म्हणून ढकलून द्यायच्या. नोंदीत 'सहकार्य नाही' असा शेरा. सुनेशी बोलल्यावर समजलं की त्यांनी उभा जन्म देवळाबाहेर अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, विकल्या होत्या. फाती करणारी बाई जमिनीवर बसून दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवते, हे तू पाहिलं असशील. खुर्चीत बसून ते जमेना, म्हणून अंगठ्याचं काम आम्ही लुळ्या हाताला दिलं. आधी नुसतं मनगट केळीच्या सोपटाच्या धाग्यावर वजनासारखं ठेवायचं. मग हळूहळू बोटांनी दाबून धरायचं. उजवा हात गाठी मारायला मोकळा. पहिली फाती इतकी सैल झाली की उचलताच फुलं गळाली, आणि आजींनी आम्हालाच शिव्या घातल्या. पुढे सकाळची फुलं माळी आणून द्यायचा, धागा मदतनीस मावशी भिजवून ठेवायच्या, आणि देवाच्या फोटोला रोज एक फाती लागायचीच. त्यात थेरपिस्टचं काहीच काम उरलं नाही. मला हवं होतं ते हेच.

यातला ढकलून दिलेला ट्रे मला महत्त्वाचा वाटतो. नकार ही सुद्धा असेसमेंटच. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चं कलम 20 एकदा मुळातून वाच. विरंगुळा आणि करमणुकीच्या सोयी हा तिथे रुग्णाचा हक्क म्हणून लिहिलाय, आणि त्याच कलमात संस्थेत कुणाकडून जबरदस्तीने काम करून घ्यायचं नाही असंही आहे. दोन्ही एकत्र वाचलं की कुणाला हाताला धरून फुगडीच्या रिंगणात ओढण्याआधी तू थांबशील. आणि हो, आपल्या घरी आरत्या-भजनं चालतात म्हणून सगळ्यांना टाळ देऊ नकोस. त्या कोपऱ्यातल्या ख्रिस्ती आजोबांना तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकातली, जुनी कांतारां (गाणी) लावून दे, किंवा काहीच लावू नकोस, नुसती पत्ते घेऊन बस. मराठी, कोंकणी, थोडी पोर्तुगीज असं सगळं एका हॉलमध्ये असतं आपल्याकडे. कुणाची करमणूक कशात, हे धर्मावरून किंवा वयावरून ठरवणारे लोक मला फार भेटले. विचारलं तर दोन मिनिटं लागतात.

आता नोंदी. तू पाठवलेल्या पानावर तीन ठिकाणी 'छान सहभाग घेतला' असं आहे. हे खोडून टाक. कुणाचा, कशात, किती? 'कॅरम वीस मिनिटं खेळले. दोनदा आपणहून सोंगट्या मांडल्या. हरल्यावर उठून न जाता पुढचा डाव मागितला' असं लिहिलंस की पुढच्या माणसाला धरायला काहीतरी मिळतं. उद्दिष्टही त्याच मापाचं हवं. 'मन प्रसन्न राहावं' हे उद्दिष्ट नव्हे. असेसमेंट, योजना, प्रत्यक्ष उपक्रम, मूल्यमापन ही साखळी पुस्तकात आहेच. विद्यार्थ्यांची शेवटची कडी बहुतेक वेळा गळते, कारण तोवर प्रोजेक्टची तारीख आलेली असते.

मैत्रीण अमेरिकेत हाच विषय शिकतेय आणि तिचा मार्ग आखीव आहे, म्हणून तू खट्टू झाली आहेस. आखीव आहे खराच. एनसीटीआरसी ही तिथली प्रमाणपत्र देणारी संस्था 1981 पासूनची. इंटर्नशिप सलग किमान 14 आठवडे आणि 560 तासांची, तीही प्रमाणित थेरपिस्टच्या देखरेखीखाली. आपल्याकडे अजून ही शिस्त बसायची आहे. 2021 च्या सहबद्ध आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या अनुसूचीत रिक्रिएशनल थेरपिस्ट हे नाव आलं, एवढं खरं. तोवर ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांच्या हाताखाली जमेल ते शीक आणि तासांचा तक्ता अमेरिकेतल्याइतक्याच काटेकोरपणे भर. रोजच्या रोज सही घे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास गोव्यात सहीला माणूस सापडत नाही.

चवथीवरून आठवलं. कार्यक्रमच हवा असेल तर माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधू दे त्यांना. कांगलां, तोरिंगां, सुपारीचे घड, आंब्याचे टाळे ओळखणं, नावं सांगणं, दोरीची गाठ मारणं, खांद्याच्या वर हात नेणं, सगळं त्यात येतं. अमुक फळ कुठल्या रानात मिळायचं यावर भांडणंही होतील, होऊ देत. माटोळी आश्रमात दर वर्षी लागतेच, त्यामुळे ती तुझ्यावर अवलंबून नाही. फक्त स्टुलावर कुणाला चढू देऊ नकोस, आणि पावसात लादी ओली असते, तिकडे आधी बघ.

फोटो काढशील तर संमती घेऊन, आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर अजिबात नाही. बांबोळीचेही नाहीत. मनोरुग्णाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांत देता येत नाही, हे कलम 24 सांगतं. स्टेटस म्हणजे माध्यम नव्हे असा वाद माझ्याशी घालू नकोस.

जाण्याची तारीख आताच सांगून टाक. हॉलमधल्या कॅलेंडरवर खूण कर, अधूनमधून बोटाने दाखव. विसरणाऱ्यांना पुन्हा सांग. "येईन हं परत" हे तोंडातून सहज निघतं, त्याला आवर घाल. काही जण दर रविवारी फाटकाकडे बघत बसतात. फोन नंबर देऊ नकोस. कुणी सोलांची पिशवी हातात कोंबली तर सिस्टरना दाखवून घे. तिथला नियम काय आहे ते त्याच सांगतील.

शेवटच्या दोन आठवड्यांत तू मागच्या खुर्चीवर बस. उपक्रम मावशींना किंवा एखाद्या रहिवाशालाच घेऊ दे. त्यांचं चुकेल, वेळ जास्त लागेल, तुझे हात शिवशिवतील. बसून राहा आणि लिही. प्रत्येकाचं एक पान कर: काय आवडतं, काय नको, कोणती मदत लागते, सामान कुठल्या कपाटात आहे, कोण घेणार आहे. भाषा मावशींना वाचता येईल अशी, आणि त्यांना एकदा वाचून दाखव.

ती पानं झाली की फोंड्याला घेऊन ये, मी तपासते. शनिवारी नको, शनिवारी माझं भजन असतं.

तुझी,
मावशी