आधी अर्थिंग, मग पॉवर कॉर्ड

म्युझिक सिस्टीमचा आवाज सुधारावा म्हणून महागडी पॉवर कॉर्ड घ्यायच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. खानापूरकडच्या जुन्या कौलारू घरांत सॉकेटचं तिसरं भोक कित्येकदा नुसतं दिसायला असतं, मागे वायरच नसते. फ्रिज-पंखे चालू ठेवून न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. 3 व्होल्टच्या वर गेला तर दोष वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये शोधा. तो कुठल्याच कॉर्डने जात नाही.

घरगुती अ‍ॅम्प्लिफायरला 1.5 चौरस मिलिमीटरची, तीन कोरची, आयएसआय मार्कची तांब्याची कॉर्ड पुरते. साधा पॉवर कंडिशनर विजेतला गोंगाट गाळतो, व्होल्टेज सावरत नाही. संध्याकाळी दिवे मंदावत असतील तर स्टॅबिलायझर बघा. वळवात विजा कडाडू लागल्या की सर्ज प्रोटेक्टर असला तरी प्लग काढाच.

आणि स्पीकरमधून घुंइं आवाज येतो म्हणून अर्थची पिन कधीच मोडू नका! बॉडीत करंट उतरला तर फ्यूज उडणार नाही. तो आवाज घालवायला सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घेऊन बघा.