यंत्राची कंपने वाचणारा अभियंता

प्रश्न : मी यांत्रिकी अभियंता असून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तीन वर्षांपासून देखभाल विभागात आहे. वर्षभरापूर्वी पंप आणि मोटारींची कंपने मोजण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्यात मन रमले. घरचे मात्र म्हणतात, की आता सेन्सर आणि संगणकच बिघाड सांगू लागले आहेत, तेव्हा या विद्येला पुढे कोण विचारणार? मी हे क्षेत्र धरावे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरच्यांची शंका रास्त असली, तरी मोजणे आणि निदान करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सेन्सरने सोपी केली ती पहिली.

एक अनुभव सांगतो. एका वीज प्रकल्पात बॉयलरमधील धूर खेचणारा मोठा पंखा मिनिटाला सुमारे ९९० फेऱ्यांनी फिरत असे आणि त्याचे कंपन नेमके दर फेऱ्याला एकदा, म्हणजे सेकंदाला साडेसोळा वेळा उठत असे. अशा आलेखावरून पात्यांवर राख बसून तोल गेला असावा, असा निष्कर्ष कोणीही काढेल. आम्हीही तोच काढला. तीनदा बॅलन्सिंग केले आणि तिन्ही वेळा काही दिवसांत कंपन पुन्हा पहिल्याइतकेच वाढले. अखेर बेअरिंगच्या पायाजवळ, बोल्टच्या वर आणि खालच्या काँक्रीटवर अशी क्रमाने मोजमापे घेतली, तेव्हा एका कोपऱ्यात धातूचा पाया जोराने हलत होता, पण त्याखालचे काँक्रीट जवळजवळ स्थिर होते. तेथील ग्राउट, म्हणजे पाया आणि काँक्रीट यांच्यामधला भराव, फुटले होते. आधार ढिला पडल्यामुळे संपूर्ण रचनेची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ती ज्या गतीने आपसूक थरथरते ती, उतरून पंख्याच्या वेगाजवळ आली होती, आणि एरवी चालून गेला असता असा किरकोळ असमतोलही त्यामुळे कित्येक पटींनी वाढून दिसत होता. संगणकाने दाखवलेला आलेख खरा होता. चूक आमच्या वाचनात होती. पहिल्याच दिवशी पायापर्यंत मोजत गेलो नाही, याची खंत मला आजही आहे.

म्हणून सॉफ्टवेअरने दिलेले उत्तर स्वीकारण्यापूर्वी स्वतः हिशेब करण्याची सवय लावा. समजा, मोटार मिनिटाला १५०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २५, आणि तिच्या बेअरिंगमध्ये ८ गोळ्या आहेत. बाहेरच्या कड्यावर चरा पडला असेल, तर ठोक्यांची वारंवारता ढोबळमानाने २५ गुणिले ८ गुणिले ०.४, म्हणजे सेकंदाला ८० च्या आसपास येते. आतल्या कड्यासाठी ०.४ ऐवजी ०.६ धरावे, म्हणजे १२०. फेऱ्यांच्या वेगाची दुप्पट वारंवारता आणि शाफ्टच्या दिशेतील कंपन ही दोन्ही वाढलेली दिसली, तर कपलिंगच्या अलाइनमेंटकडे, म्हणजे जोडलेले दोन शाफ्ट एका रेषेत आहेत का याकडे, आधी पाहावे.

प्रमाणपत्राचे म्हणाल, तर आयएसओ १८४३६-२ या मानकात चार श्रेणी असून त्यांसाठी अनुक्रमे ६, १८, ३६ आणि ६० महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव अपेक्षित आहे. दुसरी श्रेणी अवश्य मिळवा. तिसरीची घाई नको.

नागपुरात राहून हे शिकण्याची सोय चांगली आहे. कोराडीच्या वीज केंद्राचे ६६० मेगावॉटचे संच जवळ आहेत, खापरखेड्याचे वीज केंद्र आहे, चंद्रपूरकडे सिमेंटचे कारखाने आहेत. मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरणाऱ्या टर्बाइनचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, त्यामुळे तेथे बेअरिंगच्या आवरणावरील मोजमाप पुरेसे ठरत नाही आणि शाफ्टची हालचाल थेट मोजावी लागते. तुमच्या पंपांवर जे कधी दिसणार नाही, ते तेथे दिसेल. मे महिन्याच्या उन्हात बॉयलरशेजारी उभे राहावे लागेल आणि मध्यरात्री फोन येतील, हे मात्र घरी आधीच सांगून ठेवा. सुरुवातीचा पगारही सॉफ्टवेअरमधील मित्रांच्या बरोबरीचा असेलच, असे नाही.

आत्तापुरते एवढे करा : पुढच्या शटडाऊनमध्ये जे बेअरिंग बदलायचे ठरेल, त्याविषयीचा तुमचा अंदाज, म्हणजे आतले कडे, बाहेरचे कडे की गोळी, तारीख घालून वहीत लिहा, काढलेले बेअरिंग भंगारात जाण्यापूर्वी मागून घ्या, वर्कशॉपमध्ये कापून उघडा आणि प्रत्यक्ष चरा कोठे सापडला, ते त्याच पानावर नोंदवा.