मालिश सुखाची आणि मालिश उपचाराची

प्रश्न : माझे वय ४६ असून दिवसभर संगणकापुढे बसण्याची नोकरी आहे. मान आणि उजवा खांदा सतत आखडलेला असतो. महिन्यातून एकदा पार्लरमध्ये तासभर मालिश करून घेते. दोन दिवस हलके वाटते, मग पुन्हा तेच. मैत्रीण म्हणते, उपचाराची मालिश घे, ती जोरात करतात. फरक जोराचाच असतो का?

उत्तर : नाही. हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा, कारण त्यापायी अनेक जण दुखरी मान कोणाच्याही हातून रगडून घेतात. पार्लरमधली मालिश सर्वांगाला, एका लयीत केली जाते. शरीर सैल पडावे, झोप लागावी हा तिचा हेतू, आणि तो मुळीच कमी मोलाचा नाही. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात रोज अभ्यंग, म्हणजे अंगाला तेलाची मालिश, करावा, डोके, कान आणि तळपाय यांना विशेष तेल लावावे असे सांगितले आहे. मात्र अजीर्ण झालेल्याने तो टाळावा, हेही तिथेच सांगितले आहे.

उपचाराची मालिश तपासणीपासून सुरू होते. फिजिओथेरपिस्ट आधी तुम्हाला मान दोन्हीकडे वळवायला आणि हात पाठीमागे न्यायला सांगतील, बोटांना मुंग्या येतात का ते विचारतील. मग मान आणि खांद्याच्या मधला स्नायू अंगठ्याने चाचपताना हरभऱ्याएवढी घट्ट गाठ लागते, आणि ती दाबली की कळ कधीकधी थेट कानशिलापर्यंत जाते. काम तेवढ्याच जागी, काही मिनिटे होते आणि लगेच मान पुन्हा वळवून किती फरक पडला ते पाहिले जाते. दाब सोसवेल इतकाच असावा. श्वास रोखून धरावा लागत असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. शिवाय रोजचे व्यायाम केले नाहीत आणि संगणकाचा पडदा डोळ्यांच्या उंचीला आणला नाही, तर हा आराम टिकणे अवघड आहे.

हातातली शक्ती कमी वाटत असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून गरम झाली असेल, तर ती कोणालाही चोळू देऊ नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, कारण आत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते.

पार्लरची मालिश थांबवण्याचे कारण नाही. शेवटी मान कडकन मोडून देण्याची मात्र तिथे पद्धत असेल, तर त्याला ठाम नकार द्यावा. त्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.