वाचकांचे प्रश्न : नायट्रो बगी घ्यायची कशी, लावायची कशी

या वेळी १/८ स्केल नायट्रो बगीवरच (नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर पळणारी, खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाची रिमोटची गाडी) जास्त प्रश्न आलेत, म्हणून अख्खं सदर तिलाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : इलेक्ट्रिक आरसी गाड्या चालवून झाल्या, आता नायट्रो रेसिंग बगी घ्यायचीय. आरटीआर (जोडून तयार आलेली) घेऊ की किट (स्वतः जोडायची)? मित्र म्हणतो सरळ वापरलेली घे. आणि कंपनी कुठली?

कंपनीवरून डोकेफोड करू नका. क्योशोची इन्फर्नो, मुगेनची एमबीएक्स, एक्सरेची एक्सबी८, असोसिएटेडची आरसी८, यातली कुठलीही घ्या, गाडी कमी पडणार नाही. बघायचं ते एवढंच की तुम्ही जिथे चालवणार तिथे बाकीचे काय चालवतात. रेसच्या दिवशी पुढचा आर्म (चाक धरणारा दांडा) तुटला आणि शेजारच्याकडे तोच आर्म मिळाला तर दिवस वाचतो, नाहीतर गाडी कितीही भारी असली तरी बॉक्समध्ये जाते.

आरटीआरमध्ये इंजिन, रेडिओ (रिमोट), सर्व्हो (स्टिअरिंग आणि थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटरी) सगळं येतं, पेट्रोलसारखं भरलं आणि पळवलं असं वाटतं, पण बहुतेक वेळा सर्व्हो हलके असतात आणि लवकरच बदलावे लागतात. रेसिंग किटमध्ये इंजिन, पाइप, सर्व्हो, रेडिओ वेगळे घ्यावे लागतात, शिवाय इंजिन फिरवून सुरू करायचा स्टार्टर बॉक्स आणि प्लग तापवायचा ग्लो इग्नायटर. तरी रेसच करायची असेल तर माझं मत किटच्या बाजूने आहे, कारण स्वतः जोडलेली गाडी तुटली की कुठला स्क्रू काढायचा ते शोधावं लागत नाही. फक्त जोडताना जिथे धातूत धातू जातो त्या प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू सुटू न देणारा गोंद) लावा, नायट्रोचं व्हायब्रेशन काहीही सैल करतं.

वापरलेली घेत असाल तर इंजिन थंड असताना, प्लग लावलेला असताना फ्लायव्हील हाताने फिरवा. पिस्टन वर पोचताना अडलं पाहिजे, जोर लागला पाहिजे. गुळगुळीत फिरलं तर कॉम्प्रेशन गेलंय, म्हणजे नवीन पिस्टन-स्लीव्हचा खर्च आला, मग किंमत त्या हिशोबाने बोला. गाडी उलटी करून चेसिस बघा, स्क्रूची डोकी घासून सपाट झालीत का, डिफच्या (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गियरचा डबा) कपांमध्ये खाचा पडल्यात का.

इंजिन .२१ साइजचं म्हणजे ३.५ सीसीचं लागतं. पहिलं इंजिन शांत स्वभावाचं घ्या आणि कार्बमध्ये (कार्ब्युरेटरमध्ये) हवेची वाट अरुंद करणारी लहान व्हेंचुरी टाका, ६ मिमीच्या आसपासची. पॉवर हळूवार येते, इंधन पुरतं, आणि जंपवरून गाडी नाक वर करून उडत नाही.

प्रश्न : नवीन इंजिनच्या ब्रेक-इनवर (सुरुवातीला हळूहळू चालवून बसवण्यावर) प्रत्येकजण वेगळं सांगतो. एकजण म्हणतो जागेवर उभी ठेवून टाक्याच्या टाक्या आयडल कर, दुसरा म्हणतो पहिल्या मिनिटापासून पळव. खरं काय?

आधी आत काय चाललंय ते बघा, मग उत्तर आपोआप सुटतं. या इंजिनांत पितळी स्लीव्हला (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) आतून क्रोम असतं आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, त्यामुळे थंडपणी पिस्टन वर घट्ट बसतो. तापल्यावर स्लीव्ह जास्त फुगते आणि बरोबर माप येतं. म्हणजे नवीन इंजिनाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो थंड असताना फिरवल्याने. जागेवर एकदम रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) आयडल करत बसलात तर ते तापतच नाही, पिस्टन घट्टच घासत राहतो आणि पुढे रेसमध्ये जी घट्ट बसणी हवी असते ती आधीच निघून जाते.

म्हणून सुरू करायच्या आधी हीट गनने किंवा हेअर ड्रायरने हेड (इंजिनाचा वरचा भाग) ७०-८० अंशांपर्यंत तापवा. मग रिच सेटिंगवर, मागे भरपूर धूर सोडत, मोकळ्या जागेत आरामात फिरवा, थ्रॉटल थोडं द्या-सोडा, द्या-सोडा. हेडचं तापमान ९०-१०० सेल्सिअसच्या आसपास राहू द्या, हवा थंड असेल तर हेडला फॉइल गुंडाळा. टाकी संपत आली की बंद करा आणि पूर्ण थंड होऊ द्या, ही तापण्या-थंड होण्याची फेरीच कनेक्टिंग रॉडला बसवते, तिथे घाई नाही. बंद केल्यावर फ्लायव्हील फिरवून पिस्टन खालच्या टोकाला आणून ठेवा, नाहीतर थंड होताना स्लीव्ह पिस्टनवर आवळली जाते. फ्लायव्हीलवर मार्करने खूण केलीत की रोज शोधावं लागत नाही. अशा सात-आठ टाक्या झाल्या की थोडं थोडं लीन (इंधन कमी) करत जा, तरी पूर्ण मोकळं व्हायला दोन-तीन लिटर इंधन जातंच, तोपर्यंत फुल स्पीडची घाई नको.

प्रश्न : सरळ पट्ट्यात मस्त पळते, पण काही लॅप झाले की पिटमध्ये आल्यावर आयडल वर चढून राहतं, आणि मग कुठल्यातरी वळणावर बंद पडते. रिच करू का लीन?

आयडल वर चढून अडकणं म्हणजे बहुतेक वेळा लो-स्पीड नीडल (कमी वेगात इंधन किती जायचं ते ठरवणारा कार्बचा स्क्रू) लीन आहे, किंवा कुठून तरी फुकटची हवा आत येतेय. आधी हवा तपासा, नाहीतर स्क्रू फिरवून फिरवून मूळ सेटिंगही विसराल. कार्बच्या बुडाची ओ-रिंग, बॅकप्लेट, इंधनाच्या नळीला सुईएवढं भोक, टाकीच्या झाकणाचं रबर आणि पाइपमधून टाकीत येणारी प्रेशरची नळी, एवढं बघा. ती प्रेशरची नळी तडकली की सगळं लीन वागतं आणि माणूस नीडलला दोष देत बसतो.

हवा ठीक असेल तर क्रम असा, आधी हाय-स्पीड नीडल, मग लो-स्पीड, मग आयडल. इंजिन पूर्ण तापलेलं असतानाच, थंड इंजिनवर केलेलं सेटिंग पाच मिनिटांत खोटं ठरतं. सरळ पट्ट्यात फुल थ्रॉटलला बारीक निळसर धूर दिसलाच पाहिजे. धूर दिसत नसेल तर आवाज कितीही गोड येत असू दे, लगेच हाय-स्पीड रिच करा. स्क्रूच्या खाचेला घड्याळाचा काटा समजा आणि एका वेळी एक तासाएवढंच फिरवा, त्याहून जास्त कधीच नाही.

लो-स्पीडसाठी नळी दाबायची चाचणी करा. गाडी आयडलवर असताना इंधनाची नळी कार्बच्या जवळ चिमटीत धरा. आवाज किंचित चढून तीन-चार सेकंदांत बंद पडली तर बरोबर. लगेच गेली तर लीन, बराच वेळ चालत राहिली आणि हळूहळू आवाज चढत गेला तर रिच. तुमच्या वर्णनावरून तुमची लगेच जाईल असं वाटतंय, म्हणजे लो-स्पीड एक तास रिच करा आणि परत बघा.

टेम्परेचर गनवर १०० ते १२० च्या मधलं काही दिसलं तर घाबरू नका, पण फक्त आकड्यावर ट्यून करू नका. हेड, हवा, गियरिंग सगळ्याने तो आकडा बदलतो. सकाळच्या थंड हवेत ऑक्सिजन जास्त, म्हणजे इंधनही जास्त लागतं, सकाळी बरोबर असलेलं इंजिन दुपारी रिच वाटतं आणि दुपारी लीन केलेलं दुसऱ्या सकाळी जळतं, हे कायम ध्यानात ठेवा.

प्रश्न : काका, मी १६ वर्षांची आहे, बाबांची बगी चालवते. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की मागून घसरते आणि गोल फिरते. डिफचं तेल बदलू का?

अगं, तेलाला हात लावायच्या आधी टायर बघ. मधल्या पिन (टायरवरचे रबरी खुंट) गोल झाल्या असतील तर जगातलं कुठलंही तेल कामाचं नाही. रिमला चिकटवलेली कडही बोटाने दाबून बघ, सुटली असेल तर सीएने (सुपरग्लूने) चिकटव, बाबांना सोबत घेऊन. मग ट्रॅकवर इतरांचे कुठले टायर, कुठलं कंपाउंड आहे ते विचार. सरळ तोंडावर विचारायचं, लोक आनंदाने सांगतात.

टायर चांगले असूनही घसरली तर मागच्या डिफमध्ये थोडं पातळ तेल घाल (तेलाचा आकडा जेवढा लहान तेवढं ते पातळ). सुरुवातीला पुढे ७०००, मध्ये ७०००, मागे ३००० असं असेल तर मागे २००० करून बघ, मागची चाकं वळणात जास्त चिकटतात. मधलं ५००० केलंस तर पॉवर पुढच्या चाकांकडे लवकर सुटते आणि मागचं फिरणं कमी होतं. पण दोन्ही एकदम बदलू नकोस, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. मागच्या टो-इनला (मागची चाकं पुढच्या बाजूने आत वळलेली असण्याचा कोन) ३ अंश आहेत ना ते बघ. आणि रेडिओत थ्रॉटलला थोडं एक्स्पो (सुरुवातीची हालचाल मऊ करणारं सेटिंग) लाव, बोटाला वळणात सावकाश द्यायची सवय लागेपर्यंत फार उपयोगी पडतं.

प्रश्न : इंधनात नायट्रो किती टक्के घेऊ? आणि घरी ठेवायचं कसं?

२५ टक्के घ्या आणि तेच कायम ठेवा, सारखं बदललंत की प्रत्येक वेळी पुन्हा ट्यूनिंग. बाकी बहुतेक मेथनॉल असतं. ते विषारी आहे, त्वचेतूनही आत जातं आणि दिवसा त्याची ज्वाळा दिसत नाही, म्हणून भरताना हातमोजे, बंद खोलीत इंजिन चालवायचं नाही, आणि डबा लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवायचा. हवेतलं पाणी शोषतं म्हणून झाकण घट्ट लावा, उन्हात ठेवू नका. दिवस संपला की टाकी रिकामी करा, इंजिन चालवून नळीतलं उरलेलं संपवा आणि कार्बमध्ये दोन थेंब आफ्टर-रन ऑइल सोडून फ्लायव्हील फिरवा, नाहीतर बेअरिंग गंजतात. एअर फिल्टरचा फोम धुऊन, वाळवून, तेल लावूनच परत बसवा.

आणि प्रश्नात नव्हतं तरी सांगतो, पहिल्यांदा इंजिन सुरू करायच्या आधी फेलसेफ (रेडिओचा सिग्नल तुटला की गाडीला ब्रेक लावणारं सेटिंग) लावा. इंजिन बंद ठेवून गाडीचा स्विच चालू करा, रेडिओ बंद करा, आणि थ्रॉटलचा सर्व्हो स्वतःहून ब्रेककडे जातोय ना हे डोळ्याने बघा. कार्बवर रिटर्न स्प्रिंगही लावा, बॅटरी गेली तरी थ्रॉटल मिटतो.