ऑर्लँडो की ॲनाहाइम? आधी गुडघ्यांना विचारा

वाचकांचे प्रश्न : प्रवासाचं बोला

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी सॅन होजेत. जूनअखेरीला आम्ही दोघं मुलाकडे असू, तेव्हा सगळ्यांनी मिळून डिस्नेला जायचं ठरलंय. पण कुठल्या, यावरून बहीणभावात जुंपली आहे. मुलगा म्हणतो, जायचं तर फ्लोरिडात ऑर्लँडोला, तेच खरं डिस्ने. मुलगी म्हणते कॅलिफोर्नियातलं ॲनाहाइम. सगळ्यांची मिळून सुट्टी चार दिवसांची. नातू चार वर्षांचा, उंची ४१ इंच. नात साडेनऊची, ५१ इंच, आणि तिला उंच पाळण्यांचं वेड. माझे गुडघे दुखतात, यांना दुपारी आडवं व्हावंच लागतं, आणि आम्ही दोघंही शाकाहारी. जावईबापूंनी 'आई, तुम्हीच ठरवा' म्हणून चेंडू माझ्याकडे टोलवलाय. काय करू?
— एक आजी, नाशिक

उत्तर : काकू, जावई हुशार आहेत तुमचे. निकाल काहीही लागला तरी वाईटपणा त्यांच्याकडे जाणार नाही. तर तो मी घेते : ॲनाहाइम. मुलाला हे उत्तर वाचायला द्या, म्हणजे राग माझ्यावर निघेल.

आकाराचं म्हणाल तर मुलाचं बरोबर आहे. ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची जागा पंचवीस हजार एकरांच्या घरात, म्हणजे मॅनहॅटन बेटाच्या जवळजवळ दुप्पट. त्यात चार मोठी पार्क. ॲनाहाइमचा सगळा कारभार पाचेकशे एकरांत, पार्क दोनच आणि त्यांची प्रवेशद्वारं समोरासमोर. फ्लोरिडातला सिंड्रेलाचा किल्ला १८९ फूट उंच, ॲनाहाइमचा स्लीपिंग ब्यूटीचा ७७. मी टूरबरोबर जायचे तेव्हा आमची मंडळी त्याच्या पुढ्यात उभी राहून 'किल्ला कुठाय?' असं विचारायची. राजगड-रायगड चढलेल्यांपुढे ७७ फुटांचं काय कौतुक!

पण 'तेच खरं' हे मी मान्य करणार नाही. ॲनाहाइमचं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ला उघडलं आणि वॉल्ट डिस्ने स्वतः हयातीत फिरले ते एवढं एकच. ते गेले डिसेंबर १९६६मध्ये, फ्लोरिडाचं पहिलं पार्क, मॅजिक किंगडम, उघडलं १ ऑक्टोबर १९७१ला. आता फ्लोरिडाला एवढी अफाट जमीन का घेतली, ते ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच दडलंय. ॲनाहाइमला पार्क चालायला लागलं तशी भोवती दुसऱ्यांची मोटेलं आणि खाणावळी दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. डिस्नेंना ते अजिबात खपलं नाही. म्हणून साठच्या दशकात त्यांनी वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून फ्लोरिडात गुपचूप जमिनी घेतल्या, कुणाला भाव वाढवायची संधी मिळू नये म्हणून आणि कुणी अंगाला खेटून दुकान थाटू नये म्हणूनही. तो बेत फत्ते झाला.

पण काकू, ज्या मोटेलांचा त्यांना राग होता, तीच तुमच्या कामाची आहेत. हार्बर बुलेव्हार्डच्या पलीकडची हॉटेलं पार्कच्या दारापासून चालत दहा मिनिटांवर. दुपारी बारा-साडेबाराला ऊन तापलं, नातू रडायला लागला, काकांचा चेहरा उतरला, की रस्ता ओलांडायचा, एसी लावायचा, तासभर ताणून द्यायची आणि चहा घेऊन पाचला परत जायचं. फ्लोरिडात हेच करायचं तर मॅजिक किंगडममधून निघून आधी मोनोरेलनं नाहीतर फेरीबोटीनं तळं ओलांडा, मग पार्किंगपर्यंतची गाडी, मग तुमची गाडी. डिस्नेच्याच हॉटेलात उतरलात तर बस, रोप-वे, बोटी फुकट आहेत, पण थांबणं-चढणं-उतरणं आलंच. दुपारचा तास-दीड तास त्यात जातो, आणि मग कुणी परत निघतच नाही. चारच्या सुमाराला बाकड्याबाकड्यावर आजोबा मंडळी मान टाकून बसलेली दिसतात.

घड्याळाचाही विचार करा. न्यू जर्सी आणि फ्लोरिडा एकाच वेळेवर चालतात, कॅलिफोर्निया तीन तास मागं. तुम्ही पूर्वेकडून ॲनाहाइमला गेलात की पहाटे चार-पाचलाच तुमचे नि नातवाचे डोळे उघडणार. उघडू देत! पार्क उघडल्यावरच्या पहिल्या दीड-दोन तासांत रांगा सगळ्यात लहान असतात आणि तुम्ही अंघोळ-नाश्ता आटोपून दारात हजर. उलट मुलीचं कुटुंब ऑर्लँडोला आलं तर तिथले सकाळचे आठ म्हणजे त्यांच्या अंगाचे पाच. सुट्टीत साडेनऊच्या मुलीला पहाटे पाचला उठवून उन्हात रांगेत उभं करून बघा, मग पाळण्यांचं वेड किती टिकतं ते कळेल. ॲनाहाइममध्ये एक तोटा आहे : रात्री साडेनऊच्या आतषबाजीला नातवाच्या हिशेबानं मध्यरात्र उलटलेली असेल. तो झोपेल. झोपू द्या, भाड्याच्या बाबागाडीत छान झोपतात पोरं.

जूनअखेरीला फ्लोरिडात घामाच्या धारा, आणि दुपारनंतर बहुतेक रोज गडगडाट. पावसाचं नाशिककरांना काय अप्रूप, पण आसपास वीज चमकली की उघड्यावरचे पाळणे बंद होतात आणि भरलेल्या तिकिटाचे दोन-तीन तास छपराखाली जातात. ॲनाहाइमला तेव्हा सकाळी समुद्रावरून आलेलं मळभ असतं, पाऊस जवळपास नाहीच. रात्रीसाठी शाल मात्र जवळ ठेवा.

आता ४१ इंचांकडे येते, कारण यावरून घराघरांत रडारड होते. स्पेस माउंटन नावाचा अंधारातला रोलर कोस्टर दोन्हीकडे आहे. ॲनाहाइमला ४० इंचांची अट, फ्लोरिडाला ४४. म्हणजे एकीकडे नातू आत, दुसरीकडे बाहेर. ॲनाहाइमच्या दुसऱ्या पार्कातल्या मोटारींच्या शर्यतीला, रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्सला, ४० चालतात. फ्लोरिडातल्या एक्स्पिडिशन एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेज या दोन्ही नावाजलेल्या राइड्सना ४४ लागतात. ॲनाहाइमच्या मॅटरहॉर्नला ४२, तिथं तो एका इंचानं हुकेल. जाड तळाचे बूट वगैरे युक्त्या करू नका, दारात मापाची पट्टी घेऊन माणूस उभा असतो आणि एकदा आशा लावून नाही म्हटलं की पोर अर्धा दिवस फुगून बसतं. नात ५१ इंचांची, तिला इंडियाना जोन्स (४६) आणि इन्क्रेडिकोस्टर (४८) दोन्ही मोकळे. लहानग्याला प्रवेश नसलेल्या पाळण्यांवर 'रायडर स्विच' मागा : एक पालक जाऊन येतो, दुसरा मुलाबरोबर थांबतो, आणि मग दुसऱ्याला पुन्हा अख्खी रांग लावावी लागत नाही. ही सोय असताना 'आई आहे ना थांबायला' म्हणून चार पिशव्या आणि नातू तुमच्या गळ्यात मारतील, ते मारू देऊ नका. तिकीट तुमचंही पूर्ण दराचं आहे. ज्येष्ठांना सवलत दोन्हीकडे नाही. लहानांचा दर ३ ते ९ वर्षांना, दहावं लागलं की मोठ्यांचा. नातीचं जूनमध्येच उरकून घ्या.

गुडघ्यांसाठी प्रवेशद्वाराशी व्हीलचेअर भाड्यानं मिळते. 'मी काय आजारी आहे?' हे वाक्य मी असंख्य आयांच्या तोंडून ऐकलंय, आणि दुपारी त्याच मला शोधत आल्यात. सकाळीच घ्या. नुसती ढकलत चाललात तरी आधार होतो, आणि पिशव्या तीवर जातात. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन आणि इट्स अ स्मॉल वर्ल्ड चुकवू नका. दुसरीत जगभरच्या बाहुल्यांमध्ये ताजमहालाबरोबर आपली मंडळीही नाचतात. पण दोन्हीकडे नाव काठाच्या खाली असते, एक मोठं पाऊल खाली टाकून बसावं लागतं आणि उतरताना तेच वर. जावयांना शेजारी घ्या, धक्क्यावरच्या कर्मचाऱ्याला सावकाश म्हणून सांगा. हॉन्टेड मॅन्शनला सरकत्या पट्ट्यावरून बसायचं असतं, आधी सांगितलं तर तो हळू करतात. टिकी रूममध्ये तर नुसतं बसून पक्ष्यांची गाणी ऐकायची, १९६३पासून चालू आहे, आणि एसी आहे.

खाण्याची काळजी सोडा. घरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची बरणी नको आणि गरम करावं लागेल असं काही नको. दशम्या, थेपले, प्लास्टिकच्या डबीत चटणी. शीतपेयांच्या काउंटरवर पाणी फुकट मिळतं, 'नो आइस' म्हणा नाहीतर अर्धा ग्लास बर्फच. विकत घेताना भात आणि सूप जपून : दिसतं शाकाहारी, पण पुष्कळदा चिकनच्या पाण्यात शिजवलेलं असतं. विचारलं की नीट सांगतात. आणि तिसऱ्या दिवशी वरणभाताची आठवण अनावर झाली तर आर्टेशियाचा पायोनियर बुलेव्हार्ड गाडीनं फार लांब नाही, तिथं डोशापासून थाळीपर्यंत सगळं आहे.

मुलाचा अगदीच हिरमोड नको म्हणून सांगते : फ्लोरिडाच्या चार पार्कांतल्या ॲनिमल किंगडमसारखं काही ॲनाहाइमला नाही. उघड्या ट्रकमधून जाताना जिराफ रस्ता अडवून उभे राहतात. त्याच पार्कात आशियाच्या भागाला 'आनंदपूर' असं नाव देऊन एक काल्पनिक राज्य उभं केलंय, आणि तिथल्या पडक्या राजवाड्याच्या कमानीतून खरे वाघ दिसतात. शेजारच्या हॉटेलातल्या सना नावाच्या रेस्टॉरंटात नान आणि चटण्या मिळतात, खिडकीबाहेर प्राणी चरत असतात. पण त्याला हाताशी आठवडा हवा, जानेवारी-फेब्रुवारीची हवा हवी आणि नातू ४४च्या वर हवा. दोन-तीन वर्षांनी जा.

प्रश्न : मुलगा नववीत, हॅरी पॉटरचा भक्त. भाऊ डॅलसला असतो, दोन्ही किनारे जवळजवळ सारखेच लांब. युनिव्हर्सल स्टुडिओचं पार्क हॉलिवूडचं करावं की ऑर्लँडोचं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : त्याच्यासाठी ऑर्लँडो, डोळे मिटून. हॉलिवूडला २०१६पासून हॉग्समीड गाव आणि किल्ला आहे, ऑर्लँडोला तो २०१०पासून, शिवाय २०१४पासून डायगन ॲली हा जादूगारांचा बाजार आणि २२ मे २०२५ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या वेगळ्या पार्कात जादू मंत्रालयही. हॉलिवूडची खरी मजा ट्रामची सैर, १९६४पासूनची, कारण तो चालू स्टुडिओ आहे. ती तुम्हाला आवडेल, त्याला कदाचित नाही. ऑर्लँडोला हॉगवर्ट्स एक्स्प्रेस हॉग्समीडच्या पार्कातून डायगन ॲलीच्या पार्कात जाते, म्हणून एकाच पार्कचं तिकीट असेल तर स्टेशनातच अडवतात. दोन्ही पार्कांचं एका दिवसाचं घ्या, आणि गाडीत जातानाही बसा, येतानाही : खिडकीतली दृश्यं दोन्ही वेळेला वेगळी असतात.