आधी तुमचं ताट वाढा

प्रश्न : मी सोलापुरात विड्या वळते. वय 34, उंची 152 सेंटिमीटर. फुफ्फुसाचा टीबी निघाला, गोळ्या सुरू होऊन दीड महिना झाला. तेव्हा वजन 38 किलो होतं, आता 39. ताप गेला, भूक लागते, मग वजन का वाढत नाही? सासूबाई म्हणतात, दह्याने कफ होतो, अंडं उष्ण पडतं. दुकानदार 700 रुपयांचा पावडरचा डबा घ्या म्हणतो. घेऊ का?

उत्तर : ताई, डबा घेऊ नका. तेवढ्या पैशांत रोजची 2 अंडी आणि महिन्याचे दीड-दोन किलो शेंगदाणे येतात, आणि तुमच्या अंगाला तेच हवंय.

पण पत्रात एक गोष्ट राहिली. घरात तुम्ही जेवता कधी? टीबीच्या दवाखान्यात वजनकाट्याशेजारी मी 19 वर्षं बसतेय. बायकांना हे विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, सगळ्यांचं झाल्यावर. एकीला अंडी खायला सांगितली होती. तीन आठवडे ती अर्धं-अर्धं करून दोन्ही मुलांना देत राहिली. मी तिला रागावले होते, त्याचं मला आजही वाईट वाटतं. मुलं समोर बसलेली असताना कोणती आई एकटी अंडं खाईल?

झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हेच ध्यानात घेतलं होतं. रुग्णांना धान्य, डाळ, दूध पावडर, तेल दिलं आणि निम्म्या घरांत बाकीच्या माणसांनाही शिधा दिला. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या 2 महिन्यांत 5 टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्के कमी दिसला. तुमचे 5 टक्के म्हणजे पावणेदोन-दोन किलो. एक किलो झालाय, अजून पंधरा दिवस हातात आहेत. पुढे हळूहळू 43 किलोपर्यंत जायचंय, तुमच्या उंचीला कमीत कमी तेवढं वजन हवं.

दही, ताक, अंडी, काहीही वर्ज्य नाही. सासूबाईंची काळजी खरी आहे, त्यांना दवाखान्यात बरोबर आणा, मी स्वतः समजावेन. दारू मात्र थेंबभरही नको, गोळ्यांचा भार यकृतावर असतोच.

तुमच्या सोलापूरची शेंगा चटणी घरात असेलच. भाकरीवर तेल घालून दोन चमचे चटणी, वाटीभर दही, घट्ट वरण. दुपारी विड्या वळताना जवळ गूळ-शेंगदाण्याचे लाडू ठेवा, हात धुऊन खा, हातावर तंबाखूची भुकटी असते. एका वेळी पोटभर जात नसेल तर पाच-सहा वेळा थोडं थोडं. गोळ्यांनी मळमळत असेल तर गोळ्या सोडू नका, वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. लघवी लालसर होते ती औषधाने, घाबरू नका. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खाणं नीट होऊनही काटा हलला नाही, तर रक्तातली साखर तपासली आहे का ते विचारा. मधुमेह असला की अन्न अंगी लागत नाही.

टीबी रुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये (नोव्हेंबर 2024 पूर्वी 500 होते) तुमच्या खात्यात येतात का? नसतील तर आरोग्यसेविकेला पासबुक दाखवा. तुमच्याइतकं कमी वजन असणाऱ्यांना सुरुवातीचे 2 महिने जास्तीचा पोषक आहार देण्याचीही तरतूद आहे, तीही विचारा. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली नसेल तर मुलांना आणि सासूबाईंना पुढच्या फेरीत घेऊन जा.

वजन दर वेळी त्याच काट्यावर, चपला काढून करा, आणि आकडा कार्डावर लिहून घ्या.